चित्रेचें पाणी आणि भाताचा दाणा

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, रोग आणि कीड यांविषयीं वेळोवेळीं चांगले लेख येत असतात व त्यांचा उपयोगही होतो. परंतु भाताच्या दाण्याच्या गुणाविषयीं चर्चा निघाली म्हणजे ती हटकून बियाण्यापाशीं येऊन थांबते. एखाद्याच्या तांदळाला भाव कमी आला, गिरणींत कणी फार पडली, किंवा शिजविल्यावर भात गिजगोळा झाला, तर शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, "बियाणें कोठलें होतें?" "शेवटचें पाणी केव्हां मिळालें?" असें विचारणारा मनुष्य शंभरांत एखादाच. प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. इतकेंच नव्हे, तर ज्यानें बियाणें एकदां चांगलें निवडलें आहे त्याच्या दृष्टीनें तो अधिक महत्त्वाचा आहे. कारण बियाणें आपण वर्षांतून एकदां निवडतों, परंतु पाणी धरण्याचा व सोडण्याचा निर्णय आपण हंगामभर, आणि पुष्कळदां विचार न करितां, घेत असतों. म्हणून मावळांतील भातखाचरें डोळ्यांपुढें ठेवून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आधीं चांगला दाणा म्हणजे काय, हें ठरविलें पाहिजे. गिरणीवाला दाण्याकडे एका दृष्टीनें पाहतो व घरची बाई दुसऱ्या. गिरणीवाल्याला अख्खा दाणा हवा. शंभर किलो भात भरडला म्हणजे सुमारें वीस किलो तूस निघतें, आठ-दहा किलो कोंडा निघतो आणि बाकीचा तांदूळ. या तांदळांत अख्खा किती व कणी किती, यावर सारा हिशेब. घरच्या बाईला दाणा काचेसारखा नितळ हवा, शिजल्यावर मऊ पण मोकळा हवा, आणि आंबेमोहरासारखा वाण असेल तर घरभर वास सुटला पाहिजे. दोघांनाही नको असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पोट पांढरें असलेला दाणा. उजेडाकडे धरून पाहिल्यास चांगला दाणा पारदर्शक दिसतो. हलका दाणा मध्येंच किंवा एका अंगानें खडूसारखा पांढरा दिसतो. हा खडूचा डाग केवळ दिसण्याचा दोष नव्हे. तेथें पिठाचे कण विरळ बसलेले असतात व त्यांच्या फटींत हवा राहते. भरडतांना दाणा त्याच ठिकाणीं मोडतो.

आतां पाण्याकडे वळूं. आपल्या पूर्वजांनीं नक्षत्रांच्या पावसावर ज्या म्हणी करून ठेविल्या आहेत, त्यांतील एक भाताविषयींची आहे: "पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा." या म्हणीचे दोन अर्थ ऐकूं येतात. कोणी म्हणतात, चित्रेचा पाऊस पडला तर भात इतका पिकतो कीं कुत्रासुद्धां त्याला तोंड लावीत नाहीं. कोणी म्हणतात, चित्रेच्या पावसानें भात असा नासतो कीं कुत्र्यालाही तो नकोसा होतो. पारावर या दोन अर्थांवरून वाद झालेला ज्यानें ऐकला नाहीं असा शेतकरी विरळा. माझ्या समजुतीप्रमाणें दोन्ही अर्थ खरे आहेत. फरक पडतो तो चित्रा लागते त्या वेळीं आपलें पीक कोणत्या अवस्थेंत आहे यावर. आणि या एका गोष्टींत पाण्याचा व दाण्याच्या गुणाचा सारा संबंध आलेला आहे.

हिशेब करून पाहूं. उत्तरा नक्षत्र सुमारें १३ सप्टेंबरला लागतें, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. इंद्रायणी हा वाण घ्या. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून तो तयार केला आणि १९८७ सालीं तो प्रसारित झाला. त्याला पेरणीपासून सुमारें १३५ ते १४० दिवस लागतात. जूनच्या मध्यास राबांत पेरलेला इंद्रायणी सप्टेंबरच्या अखेरीस निसवतो, हस्तांत त्याच्या दाण्यांत दूध भरतें, चित्रेच्या पूर्वार्धांत चीक घट्ट होतो, आणि चित्रेच्या अखेरीस किंवा स्वातींत तो कापणीस येतो. म्हणजे चित्रेच्या आरंभीं एखादी सर आली तर या निमगरव्या-गरव्या भाताचें सोनें होतें. उलट हळवें भात, जें सवाशें दिवसांच्या आंत तयार होतें, तें चित्रा लागतांना कापणीस आलेलें किंवा कापून खाचरांत पडलेलें असतें. तीच सर त्याचा नाश करिते. म्हण एकच, पाऊसही एकच, परंतु हळव्याला तो विष आणि गरव्याला अमृत. स्वातीच्या पावसानें मोती पिकतात असें म्हणतात, तें ज्वारी-हरभऱ्याविषयीं खरें असेल. भात उत्पादकानें मात्र त्या मोत्यांची आशा धरूं नये.

असें कां होतें हें समजण्यासाठीं दाणा कसा भरतो तें पाहिलें पाहिजे. भात निसवल्यावर लोंबीच्या शेंड्याकडील फुलें आधीं उमलतात व बुडाकडील मागून. एका लोंबीची फुलें उमलण्यास सहा-सात दिवस लागतात. फुलल्यावर दाणा प्रथम लांबींत वाढतो, नंतर रुंदींत, आणि सर्वांत शेवटीं जाडींत. हें काम सुमारें महिनाभर चालतें. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, लांबी पुरी झाली म्हणून दाणा भरला असें समजूं नये. बाहेरून पूर्ण दिसणारा दाणा आंतून अर्धा असूं शकतो. दुसरी ही कीं, लोंबीच्या शेंड्याचे दाणे पिवळे झाले तरी बुडाचे दाणे अद्याप भरत असतात. खाचर लवकर कोरडें केलें तर प्रथम या बुडाच्या दाण्यांची उपासमार होते. झाडाजवळ जें काय असेल तें आधीं भरलेले दाणे ओढून घेतात आणि मागचे दाणे पोटपांढरे राहतात. पीक दुरून पाहतां यांतलें कांहींही दिसत नाहीं.

पाणी केव्हां तुटलें यावर नुकसानाचा प्रकार ठरतो. पोटरींत व निसवतांना पाणी तुटलें तर परागाचें काम बिघडतें आणि दाणा पोचट राहतो. हें नुकसान डोळ्यांना दिसतें, कारण वारवतांना पोल उडून जातें व रास लहान होते. दूध भरतांना पाणी तुटलें तर दाणे पोचट होत नाहींत. तें पीक घाईनें पिकतें. भरण्याचे दिवस कमी होतात, दाणा बारीक व खडूसारखा राहतो. हें नुकसान राशीवर पूर्णपणें दिसत नाहीं, गिरणींत दिसतें. चीक घट्ट झाल्यावर पाणी तुटलें तर नुकसान थोडें. आणि दाणा पिकल्यावर पाणी राहिलें तर तें उलट अपाय करितें. आंबेमोहरासारखीं उंच भातें मऊ जमिनींत लोळतात, लोंब्या चिखलांत पडतात, दाण्याचा रंग जातो व तो ताटावरच उगवूं लागतो. शिवाय ओल्या खाचरांत कापलेलें भात पसरण्यास कोरडी जागा मिळत नाहीं.

यांत उष्णतेचाही भाग आहे, हें सांगितलें पाहिजे. दाणा भरतांना रात्री उष्ण असल्या तर पाणी पुरेसें असूनही पोट पांढरें होतें, आणि थंड रात्रींत दाणा सावकाश व नितळ भरतो. सह्याद्रीच्या कुशींतील खाचरांत ऑक्टोबरच्या रात्री थंडावूं लागतात. सुवासिक भाताला असा थंडावा मानवतो. परंतु रात्रीचा थंडावा आपल्या हातीं नाहीं. बांधाचें तोंड आपल्या हातीं आहे.

येथें स्वतःची एक गोष्ट सांगतों, कारण ती मुद्द्याची आहे. सेवानिवृत्त झाल्यावर घरचीं खाचरें मी स्वतः पाहूं लागलों. माझें खाचर वर आणि चुलतबंधूंचें त्याच्या खालीं. एका वर्षीं आम्हीं एकाच पोत्यांतलें इंद्रायणीचें बियाणें वांटून घेतलें व आवणीही एकाच आठवड्यांत केली. भात निसवून जेमतेम पंधरा दिवस झाले असतील, तोंच मीं बांध फोडून पाणी सोडलें. हेतु हा कीं, जमीन लवकर वाफशावर यावी आणि ओल आहे तोंवर हरभरा पडावा. तें पाणी अर्थातच खालच्या खाचरांत गेलें, आणि दादांनीं तें तोंड बंद करून आणखी आठ-दहा दिवस धरून ठेविलें. मळणीच्या वेळीं दोघांच्या राशींत फारसा फरक दिसला नाहीं, आणि मीं मनांत म्हटलें कीं आपलें बरोबर ठरलें. पुढें भात गिरणींत गेलें तेव्हां दादांची पोत्यामागची कणी एका पाटींत मावली व माझ्या कणीला तीन पाट्या लागल्या. मीं गिरणीवाल्याला दोष दिला. दादा हंसून म्हणाले, "अरे, गिरणीला कशाला बोल लावतोस? तूं पाणी सोडलेंस तेव्हां दाणा दांताखालीं धरून पाहिला होतास काय? दूध निघत होतें. तुला हरभऱ्याची घाई झाली." माझ्याच पाण्यानें त्यांचा दाणा भरला होता.

ही गोष्ट सांगण्याचें कारण असें कीं, ज्या नुकसानाविषयीं मी लिहीत आहे तें कोणत्याही कागदावर येत नाहीं. महसूल खात्याच्या कचेरींत मीं आयुष्य काढलें. तेथें पिकाची पैसेवारी, जिला पूर्वीं आणेवारी म्हणत, ती काढली जाते. पन्नास पैशांच्या आंत आली तर टंचाई मानावयाची. पैसेवारी काढतांना मोजतात तें उत्पन्नाचें वजन. माझें खाचर व दादांचें खाचर या दोहोंची पैसेवारी त्या वर्षीं सारखीच आली असती. तांदळाचा गुण मोजण्यास सातबाऱ्यावर रकाना नाहीं आणि तो असावा असें माझें म्हणणेंही नाहीं. परंतु सरकार जें मोजीत नाहीं तें घडलेंच नाहीं असें आपण शेतकऱ्यांनीं समजूं लागणें, ही मात्र चूक आहे.

सरकारी खरेदीची गोष्टही अशीच. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठीं केंद्र सरकारनें साधारण भाताचा हमी भाव क्विंटलला २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाच्या भाताचा २,३८९ रुपये ठरविला. फरक वीस रुपयांचा, आणि 'अ' दर्जा ठरतो तोही दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून. ओल १७ टक्क्यांवर नको, रंग गेलेले व उगवलेले दाणे मर्यादेबाहेर नकोत, इतकें तेथें पाहतात. परंतु त्या मर्यादेच्या आंत दाणा नितळ आहे कीं खडूसारखा, यासाठीं कोणी अधिक पैसा देत नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, मग गुणाची चिंता कशाला? त्यास उत्तर असें कीं, इंद्रायणी व आंबेमोहर हे मुख्यत्वें खुल्या बाजारांत, आणि पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्याच्या अंगणांतूनच, तांदूळ करून विकले जातात. तेथें गिऱ्हाईक तांदूळ तळहातावर घेऊन पाहतें.

उदाहरणादाखल हिशेब मांडतों. समजा, शंभर किलो भातांतून ६७ किलो तांदूळ निघाला. अख्खा तांदूळ किलोस ६० रुपये व कणी २५ रुपये असा भाव धरूं. एकाचा ५७ किलो अख्खा व १० किलो कणी. त्याचे ३,६७० रुपये झाले. दुसऱ्याचा ४२ किलो अख्खा व २५ किलो कणी. त्याचे ३,१४५ रुपये झाले. क्विंटलमागें ५२५ रुपयांचा फरक! पंधरा क्विंटल भात झालें असेल तर हा फरक ७,८७५ रुपये होतो. भाव आपापल्या बाजाराप्रमाणें बदलून घ्यावे. हिशेबाची रीत बदलणार नाहीं. या फरकासाठीं बियाणें, खत किंवा मजुरी यांचा एक पैसाही अधिक लागलेला नाहीं. आता हरभऱ्याचे दहा दिवस वांचविण्याची किंमत ज्याची त्यानें करावी.

पाण्यानें होणारें आणखी एक नुकसान कापणीनंतर घडतें. वाळलेल्या दाण्यानें पुन्हां ओल शोषली म्हणजे त्याला आडवी चीर पडते. बाहेरचा थर फुगतो, आंतला कोरडा भाग त्याबरोबर वाढत नाहीं, आणि दाणा मध्यें तडकतो. जपानांतील कोंडो व ओकामुरा यांनीं ही गोष्ट १९३० सालींच दाखवून दिली होती. भात उन्हानें तडकतें असा आपल्याकडे समज आहे. कडक ऊन हेंही एक कारण आहेच, परंतु मोठा अपराधी म्हणजे दिवसा वाळून रात्रीं दंवानें भिजणें, किंवा वाळलेल्या भातावर सर पडणें. शेतांत जास्त पिकून फार वाळलेलें उभें भातही असेंच तडकतें. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रांत क्यार वादळ उठलें त्या वेळीं कोंकणांत कापलेलें भात खाचरांत भिजलें व अतोनात नुकसान झालें, हें वाचकांस आठवत असेल. जें सडलें तें सर्वांनीं पाहिलें. जें वांचलें म्हणून घरांत आणलें, अशा भिजून वाळलेल्या दाण्याला आंतून चीर जाते हें कमी जणांच्या ध्यानांत येतें. कोंकणांत उकडा तांदूळ करण्याची जी चाल आहे तिचा एक गुण हाच: उकडतांना पीठ फुगून चिकटतें, आंतल्या चिरा सांधल्या जातात व कणी कमी पडते. परंतु सुवासिक तांदूळ आपण उकडीत नाहीं, म्हणून तेथें चीर पडूंच न देणें हाच उपाय.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. आंबेमोहर लावणारे कित्येक जाणते शेतकरी म्हणतात कीं, पाणी फार झालें म्हणजे वास जातो; भाताला थोडी तहान लागली तरच तो घमघमतो. हें म्हणणें निराधार नाहीं. सुवासिक तांदळाचा वास ज्या द्रव्यामुळें येतो तें २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन हें द्रव्य अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२-८३ च्या सुमारास ओळखलें. झाडाला पाण्याचा ताण पडला म्हणजे त्याच्या अंगांत प्रोलीन नांवाचें द्रव्य वाढतें, आणि वासाचें द्रव्य त्यापासूनच बनतें. थायलंडच्या ईशान्य भागांतील तुंग कुला नांवाच्या रेताड, पावसावर अवलंबून असलेल्या मुलखांत पिकणारा खाओ डॉक माली तांदूळ त्याच्या वासासाठीं नांवाजलेला आहे, आणि तेथील कोरड्या परिस्थितीचा त्या वासाशीं संबंध असल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें आहे.

परंतु यावरून "पाणी तोडा आणि वास वाढवा" असा नियम काढणें धाडसाचें होईल. ताणानें वास वाढतो, तसें उत्पन्न घटतें व दाणा खडूसारखा होतो, हीही त्याच ताणाचीं फळें आहेत. वास येणारी कणी विकून कोणी श्रीमंत झालेला मीं पाहिला नाहीं. शिवाय आपल्याकडे वास जाण्याचीं दुसरीं कारणें पुष्कळ आहेत: बियाण्यांत भेसळ, कडक उन्हांत वाळवण, आणि जुन्या सांठ्यांत वास उतरत जाणें. हीं आधीं दूर करावीं. माझें मत असें कीं, दूध भरेपर्यंत भाताला तहान लागूं देऊं नये, आणि चीक घट्ट झाल्यावर पाणी हळूहळू आटूं द्यावें. एवढी तहान वासाला पुरे.

याचा अर्थ खाचर हंगामभर तुडुंब ठेवावें असा नव्हे. पाण्याची काटकसर आणि दाण्याचा गुण यांत विरोध नाहीं. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें जी आळीपाळीनें ओलें-कोरडें ठेवण्याची पद्धत प्रचारांत आणली, तींत सुमारें फूटभर लांबीची भोंकें पाडलेली नळी खाचरांत पुरतात, अर्धी जमिनीच्या वर व अर्धी खालीं. आंतलें पाणी जमिनीखालीं पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरलें म्हणजे पुन्हां पाणी द्यावयाचें. परंतु त्याच पद्धतींत निसवण्याच्या आधीं एक आठवडा व नंतर एक आठवडा खाचरांत पाणी उभें ठेवण्यास सांगितलें आहे, हें ध्यानांत ठेवावें. वाढीच्या दिवसांत वांचविलेलें पाणी निसवणीसाठीं राखून ठेवावें, ही त्यांतली खरी शिकवण. आपण नेमकें उलट करितों. श्रावणांत पाणी वाहून जातें म्हणून त्याची कदर नसते, आणि आश्विनांत बांधावर भांडणें होतात.

या भांडणांविषयीं दोन शब्द. आपलीं खाचरें पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक आहेत, आणि पाणी एकाच्या शेतांतून दुसऱ्याच्या शेतांत उतरतें. वरच्यानें हळवें लावलें आणि खालच्यानें गरवें, तर वरचा बांध फोडतो तेव्हां खालच्याला पाणी मिळतें, हें ठीक. वरच्यानें गरवें व खालच्यानें हळवें लावलें तर वरच्याचें पाणी खालच्याच्या पिकलेल्या भातांत उतरतें आणि दोघे कचेरीच्या पायऱ्या चढतात. असे अर्ज मीं पुष्कळ वाचले आहेत. त्यांतील निम्म्यांचें मूळ बांधांत नव्हतें; वाणांच्या निवडींत होतें. जेथें तळें, बंधारा किंवा कालवा आहे, तेथें महाराष्ट्रांत २००५ च्या कायद्याप्रमाणें पाणी वापर संस्था स्थापून शेतकऱ्यांस स्वतः पाळ्या ठरवितां येतात. अशा ठिकाणीं शेवटची पाळी पंचांगांतील तारीख पाहून न देतां भाताची निसवण पाहून द्यावी, असा ठराव करण्यास कोणाची आडकाठी आहे?

सारांशानें माझ्या सूचना येणेंप्रमाणें आहेत.

पहिली: एका ओळींतील खाचरांच्या मालकांनीं ज्येष्ठांतच एकत्र बसून वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत हळवें व खालच्या, ओल धरणाऱ्या खाचरांत निमगरवें-गरवें लावण्याचें ठरवावें.

दुसरी: निसवल्यापासून किमान तीन आठवडे खाचरांत ओल तुटूं देऊं नये. पाऊस गेला तर तळ्याचें वा ओढ्याचें एक पाणी याच वेळेसाठीं राखावें.

तिसरी: बांध फोडण्यापूर्वीं लोंबीच्या बुडाकडील दाणा दाबून पाहावा. दूध निघत असेल तर थांबावें. कापणीच्या आधीं सात ते दहा दिवस पाणी काढावें. भारी जमिनींत थोडें आधीं, हलक्या जमिनींत थोडें मागून.

चौथी: लोंबींतील शंभरांपैकीं ऐंशीं-पंचाऐंशीं दाणे पिवळे झाले म्हणजे कापावें. सारे वाळण्याची वाट पाहूं नये. कापलेलें भात रात्रीं दंवांत उघडें टाकूं नये. ताडपत्रीखालीं झांकावें, पातळ पसरून व वरचेवर हलवून वाळवावें, आणि एकदां वाळल्यावर पुन्हां भिजूं देऊं नये.

पांचवी सूचना आपल्या संघासाठीं आहे, आणि माझ्या मतें तीच मुख्य. संघानें एक साधी नोंदवही ठेवावी. प्रत्येक सभासदानें आपल्या एका खाचराची नोंद द्यावी: वाण, निसवल्याची तारीख, शेवटच्या पाण्याची तारीख, कापणीची तारीख, आणि ठराविक वजनाच्या भातांतून निघालेला अख्खा तांदूळ व कणी. सर्वांचा नमुना एकाच गिरणींत, एकाच दिवशीं भरडून घ्यावा, म्हणजे गिरणीवर दोष देण्यास जागा राहणार नाहीं. तीन-चार हंगामांत आपल्याच शिवाराची अशी माहिती जमेल, जी कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं. शिवाय पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यापुढें "आमचा तांदूळ चांगला आहे" असें नुसतें तोंडानें म्हणण्याऐवजीं शंभरांत कणी किती हें वहींतून दाखवितां येईल, आणि त्याप्रमाणें भाव मागतां येईल.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला नोंदी ठेवण्यास वेळ कोठें आहे? मी हयातभर नोंदीच ठेवल्या; त्या किती जणांच्या उपयोगीं पडल्या याचा हिशेब मला विचारूं नये. परंतु ही नोंद दुसऱ्याच्या दप्तरासाठीं नाहीं. चार तारखा व दोन वजनें लिहिण्यास हंगामांत एक तास पुरे. दुसरा कोणी म्हणेल, पाऊसच आपल्या हातीं नाहीं, तेथें नोंदी काय करणार? पाऊस हातीं नाहीं हें खरें. २०१८ सालीं परतीच्या पावसानें राज्याच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरविली, आणि पुढच्याच वर्षीं तो वेळ टळून गेल्यावर येऊन बसला. अशा लहरी पावसापुढें ज्याला आपल्या भाताची अवस्था ठाऊक आहे तो निदान असलेलें पाणी कोठें धरावें व कोठें सोडावें हें ठरवूं शकतो. ज्याला ती ठाऊक नाहीं तो चित्रेकडे पाहत बसतो.

येत्या हंगामांत निदान दहा-पंधरा सभासदांनीं ही नोंद ठेवण्याचें मनावर घ्यावें, अशी माझी विनंती आहे. माझें खाचर त्यांत पहिलें धरावें. यंदा हरभरा दहा दिवस उशिरा पडला तरी चालेल.